लॅटिनचीं क्रमिक पुस्तकें : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

१

जुन्या दप्तरांचा शोध घेत हिंडणाऱ्या मंडळींच्या चांगल्या परिचयाची एक गोष्ट आहे. वाड्यांतला पेटारा उघडला कीं सनदा, निवाडपत्रें, जमाखर्चाचे कागद, काव्याच्या व धर्मशास्त्राच्या पोथ्या यांची प्रथम निवड होते. तळाशीं जें उरतें तें, म्हणजे मुलांच्या हातचें रूपावलीचें पुस्तक, पानें गळालेलें समासचक्र, बोटांच्या मळानें काळवंडलेलें अमरकोशाचें पहिलें कांड, हें सारें 'किरकोळ' ह्या सदराखालीं एका फडक्यांत बांधून बाजूस सारलें जातें. यादींत त्याला स्वतंत्र क्रमांकहि मिळत नाहीं. ज्या पोथीच्या प्रती घरोघर होत्या तिच्यांत नवें तें काय असणार, अशी ह्या वागणुकीच्या मुळाशीं असलेली समजूत होय.

ही समजूत बरोबर नाहीं, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत परदेशीं घडलेला एक इतिहास मांडण्याचें योजिलें आहे. युरोपांत कुमारवयाच्या मुलांस लॅटिन शिकविण्याकरितां जीं क्रमिक पुस्तकें निर्माण झालीं, त्यांचा हा इतिहास होय. लॅटिन भाषा तेथें हजारांहून अधिक वर्षें कोणाचीहि मातृभाषा नव्हती. ती शाळेंतच यावयाची आणि बहुतांशीं पुस्तकावरूनच यावयाची. त्यामुळें पुस्तक कसें रचिलें आहे यावर मुलाला लॅटिन कसें येणार हें ठरे. शिक्षक बदलत, राजे बदलत, धर्मपंथहि बदलत. परंतु पुस्तकाचा सांचा एकदां रूढ झाला म्हणजे तो दोनदोनशें, तीनतीनशें वर्षें हालत नसे. आमचें प्रतिपाद्य इतकेंच कीं, लॅटिनच्या अध्यापनाला जें वळण लागलें तें शिक्षणशास्त्रज्ञांच्या मतांपेक्षां ह्या 'किरकोळ' पुस्तकांच्या मांडणीनें अधिक लागलें. आणि त्या मांडणीचा एक धागा थेट आपल्या मराठी शाळेपर्यंत येऊन पोंचला आहे.

२

ह्या परंपरेचा आरंभ चौथ्या शतकांतील ईलियस डोनाटस ह्या रोम येथील अध्यापकापासून धरणें सोयीचें आहे. बायबलाचें लॅटिन भाषांतर करणारा सेंट जेरोम हा त्याचा शिष्य. डोनाटसानें दोन व्याकरणें रचिलीं, एक मोठें व एक लहान. लहान व्याकरणाचें नांव 'आर्स मिनोर'. आपल्याकडे सिद्धान्तकौमुदीशीं लघुकौमुदीचें जें नातें आहे, साधारण तसेंच ह्या दोहोंचें समजावें. हें लहान पुस्तक सर्वस्वीं प्रश्नोत्तररूप आहे. शब्दांच्या जाती किती, ह्या प्रश्नानें तें सुरू होतें. त्या आठ आहेत असें उत्तर येतें. आणि मग नाम, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, धातुसाधित, उभयान्वयी, शब्दयोगी व केवलप्रयोगी अशा क्रमानें एकेकीची झडती घेतली जाते. हा आठाचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

थोडक्या पानांचें हें पुस्तक इतकें सर्वत्र पसरलें कीं, मध्ययुगांत 'डोनाट' हा शब्द कोणत्याहि विषयाच्या प्राथमिक पुस्तकाचा वाचक होऊन बसला. माइंझ येथें गुटेनबर्गनें मुद्रणकला सिद्ध केल्यावर आरंभींच्या काळांत जें छापलें गेलें त्यांत हेंहि पुस्तक होतें, व तें पुनः पुनः छापलें गेलें. मुलांच्या हातांत टिकावें म्हणून तें चर्मपत्रावर छापीत. असें असूनहि त्या काळच्या ह्या प्रती आज बहुतेक तुकड्यांच्या रूपानेंच उरल्या आहेत. ते तुकडेहि मिळाले ते मागाहूनच्या ग्रंथांच्या बांधणींतून, पुठ्ठ्याला बळकटी यावी म्हणून चिकटविलेले असे. गुटेनबर्गच्या बायबलाच्या मात्र चाळीसांहून अधिक प्रती आज जगांत जपून ठेविलेल्या आहेत. जो ग्रंथ पूजेंत राहिला तो उरला. जो वापरांत राहिला तो झिजून गेला. आपल्या 'किरकोळ' फडक्याची कथा याहून वेगळी नाहीं.

डोनाटसाच्या पुढची पायरी म्हणून मध्ययुगांत जें पुस्तक चालत असे तें पद्यमय होतें. अलेक्झांडर द व्हिला देई नांवाच्या फ्रेंच अध्यापकानें ११९९ सालीं 'डॉक्ट्रिनाले' हें व्याकरण रचिलें. त्यांत हेक्झामिटर वृत्ताच्या २६४५ पंक्ती आहेत. चर्मपत्र महाग, प्रत्येक मुलाजवळ पुस्तक असणें अशक्य. तेव्हां जें कानानें ऐकून तोंडीं बसेल तेंच खरें पुस्तक. अमरकोश अनुष्टुभांत कां आहे हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्याचें मर्म निराळें सांगावयास नको. सुमारें तीनशें वर्षें हें पुस्तक चाललें. पुढें सोळाव्या शतकाच्या प्रारंभीं, प्राचीन रोमन ग्रंथकारांची शैली हाच आदर्श मानणाऱ्या नव्या पंडितांनीं त्यावर कडक टीका केली, आणि तें मागें पडलें. नियम पद्यांत घालून पाठ करविण्याची रीत मात्र त्या टीकाकारांच्या स्वतःच्या पुस्तकांतहि शाबूत राहिली. पुस्तक गेलें, सांचा राहिला.

३

इंग्लंडांतील हकीगत अधिक बोधप्रद आहे. जॉन कॉलेट यानें लंडन येथें सेंट पॉल्स ही शाळा १५०९ च्या सुमारास नव्यानें स्थापिली. तीत १५३ मुलांची सोय होती. तिचा पहिला मुख्याध्यापक विल्यम लिली. कॉलेट व लिली यांनीं ह्या मुलांकरितां जें लिहून काढलें, आणि ज्यावर इरॅस्मससारख्या पंडिताचाहि हात फिरला, त्यांतून लिलीच्या मृत्यूनंतर (१५२२) त्याच्या नांवानें ओळखलें जाणारें व्याकरण सिद्ध झालें. आठव्या हेन्री राजानें १५४० च्या सुमारास असें फर्माविलें कीं, राज्यांतील शाळांत हेंच व्याकरण चालावें, दुसरें चालूं नये. पुढें सहाव्या एडवर्डच्या व एलिझाबेथच्या कारकीर्दींत हा अधिकार कायम राहिला. ज्या शतकांत त्या देशाला प्रार्थनेविषयीं एकमत साधलें नाहीं, त्याच शतकांत लॅटिन व्याकरणाविषयीं तें हुकुमानें साधलें.

लिलीच्या व्याकरणाचे दोन भाग. पहिला, रूपांचा, इंग्रजींत. दुसरा, अधिक विस्ताराचा, लॅटिनांत. लिंगविचाराचे व धातूंच्या भूतकालीन रूपांचे नियम ह्या दुसऱ्या भागांत लॅटिन पद्यांतून दिलेले. म्हणजे जी भाषा शिकावयाची तिचे नियम त्याच भाषेंत, तेहि वृत्तांत, अर्थ कळण्यापूर्वीं पाठ करावयाचे. सूत्रें आधीं व वृत्ति मागाहून, ह्या शिस्तींत वाढलेल्या आपल्या शास्त्रीमंडळींस यांत वावगें वाटणार नाहीं. परंतु आपल्याकडे त्या पाठांतरामागून दहाबारा वर्षांचें अध्ययन येत असे. लिलीच्या शाळेंतील पुष्कळ मुलें मात्र पंधरासोळाव्या वर्षीं दुकानांत, शेतावर किंवा वकिलाच्या कचेरींत जात, आणि अर्थाविना नियम तेवढे बरोबर नेत. जॉन लॉक ह्या तत्त्वज्ञानें १६९३ सालीं शिक्षणावर जो ग्रंथ लिहिला त्यांत व्याकरणाच्या ह्या घोकंपट्टीवर आक्षेप घेतला, व भाषा ही वापरानें यावी असें प्रतिपादिलें. पण लॉकचें मत ग्रंथांत राहिलें आणि लिलीचें पुस्तक वर्गांत राहिलें.

हें पुस्तक त्या समाजाच्या किती अंगवळणीं पडलें होतें, याचा पुरावा शाळेच्या दप्तरांत नव्हे, तर नाट्यगृहांत मिळतो. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' ह्या नाटकाच्या चौथ्या अंकाच्या आरंभीं एक धर्मोपदेशक विल्यम नांवाच्या मुलाची त्याच्या आईसमक्ष लॅटिनची परीक्षा घेतो, आणि शेजारीं उभी असलेली एक अशिक्षित बाई प्रत्येक लॅटिन शब्दाचा भलताच अर्थ करते. प्रश्न लिलीच्या पुस्तकांतलेच आहेत. प्रेक्षकांतील पुरुषांनीं तेच प्रश्न लहानपणीं सोसले नसते, तर हा विनोद रंगलाच नसता. 'टायटस अँड्रोनिकस' ह्या नाटकांतील खूण याहूनहि सूक्ष्म आहे. तेथें एक पात्र होरेसचें एक वचन ओळखतें, पण तें आपण व्याकरणांत वाचल्याचें सांगतें. तें वचन लिलीनें उदाहरण म्हणून दिलेलेंच होतें. कवि ओळखीचा झाला तो काव्यावरून नव्हे, उदाहरणावरून. क्रमिक पुस्तक एका पिढीच्या साहित्यज्ञानाची सीमा कशी आंखतें, याचा याहून चांगला दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं.

१७५८ सालीं ईटन येथील शाळेकरितां ह्याच व्याकरणाची सुधारलेली आवृत्ति निघाली, आणि त्या नव्या नांवानें लिलीचें पुस्तक एकोणिसाव्या शतकांतहि नांदत राहिलें.

४

इंग्लंडांत जें राजाज्ञेनें झालें तें कॅथोलिक देशांत जेझुइट संघाच्या शिस्तीनें झालें. मानुएल आल्व्हारिश ह्या पोर्तुगीज जेझुइटाचें लॅटिन व्याकरण १५७२ सालीं लिस्बन येथें छापलें, आणि १५९९ साली संघानें आपल्या विद्यालयांसाठीं जी अध्ययनपद्धति ठरविली तींत त्याला मान्यता मिळाली. तेव्हांपासून त्याच्या शेंकडों आवृत्त्या निघाल्या. जपानांत आमाकुसा येथें १५९४ सालीं निघालेल्या आवृत्तींत लॅटिन धातुरूपांशेजारीं पोर्तुगीज व जपानी रूपें दिलेलीं आहेत. एका खंडांतील शाळेचा सांचा दुसऱ्या खंडांतील भाषेवर कसा ठेवला जातो, हें त्या पानांवर डोळ्यांनीं पाहावयास सांपडतें.

ह्याच संघाच्या द्वारें तो सांचा आपल्या किनाऱ्यासहि लागला. गोव्यांतील सेंट पॉल विद्यालयांत लॅटिनचें अध्यापन चाले, आणि हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं तेथेंच आला. इंग्लंडांत जन्मलेले फादर टॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास पोंचले. १५८३ सालीं आपल्या भावास पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचें नमूद केलें आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासांत हें पत्र सुप्रसिद्ध आहे. परंतु तें लिहिणाऱ्या मनुष्याच्या हातांत कोणतें माप होतें, इकडे फारसें लक्ष जात नाहीं. शाळेंत ज्या विभक्त्या पाठ केल्या, त्याच मापानें तो नवी भाषा मोजीत होता. १६१६ सालीं क्रिस्तपुराण प्रसिद्ध झालें तें ओवीच्या थाटानें. परंतु त्याच ग्रंथकाराचें कोंकणी भाषेचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें, तें लॅटिन व्याकरणाच्या वर्गांत कोंकणी रूपें बसवून. काव्य लिहितांना स्टीफन्स मराठी संतांच्या शाळेंत बसले. व्याकरण लिहितांना ते आपल्या लहानपणच्या शाळेंत परत गेले.

५

पाठांतराच्या सांच्याला पहिला खरा धक्का दिला तो मोराव्हियांतील जॉन कोमेनियस ह्या धर्मोपदेशकानें. युद्धामुळें देशोधडीस लागलेल्या ह्या गृहस्थानें १६३१ सालीं लॅटिन भाषेचें द्वार उघडून देणारें म्हणून एक पुस्तक काढलें. त्यांत नियम नव्हते. सृष्टि, शेती, घर, धंदे, राज्य, धर्म अशा विषयांवर रचिलेलीं सुमारें एक हजार वाक्यें होतीं, आणि त्यांत भाषेंतील हजारों शब्द गुंफिलेले होते. १६५८ सालीं नुरेंबर्ग येथें त्याचें सचित्र पुस्तक निघालें. त्यांत दीडशें विषय, प्रत्येकाचें एक चित्र. चित्रांतील वस्तूंस आंकडे घातलेले, आणि तेच आंकडे खालच्या लॅटिन व जर्मन वाक्यांतील शब्दांस. न्हाव्याचें दुकान, भटारखाना, छापखाना, शाळा, सर्व कांहीं त्यांत आहे. दुसऱ्याच वर्षीं चार्ल्स हूल यानें तें इंग्रजींत आणिलें.

ह्या पुस्तकांनीं युरोपभर कीर्ति मिळविली. परंतु एक गोष्ट त्यांच्या विरुद्ध गेली. विद्यापीठें ज्या लॅटिनची परीक्षा घेत तें सिसेरोचें व व्हर्जिलचें लॅटिन होतें. कोमेनियसच्या भटारखान्यांतलें नव्हे. जो मुलगा वस्तूंचीं नांवें शिकला तो बोलूं शके, पण परीक्षेंत सूत्र विचारलें तर अडे. सबब वरच्या वर्गांत जुनीं व्याकरणेंच चालत राहिलीं. क्रमिक पुस्तकाचें भवितव्य त्याच्या गुणांवर ठरत नसून पुढच्या परीक्षेवर ठरतें, हा अनुभव केवळ आपल्याच काळाचा नाहीं, हें पाहून निवृत्त शिक्षकास थोडें समाधान वाटावयास हरकत नाहीं.

६

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील नऊ मोठ्या शाळांची सरकारी चौकशी झाली (१८६१ ते १८६४). त्या सुमारास सर्व शाळांसाठीं एकच लॅटिन व्याकरण असावें असा मुख्याध्यापकांत विचार चालू होता. तें काम श्रूजबरीच्या शाळेचा मुख्याध्यापक बेंजामिन हॉल केनेडी याच्याकडे आलें, आणि १८६६ सालीं त्याचें पुस्तक निघालें. नव्या परिभाषेच्या बोजामुळें वृत्तपत्रांतून त्यावर गदारोळ उठला. तरी शाळांनीं तें उचललें. १८८८ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति प्रसिद्ध झाली, आणि त्या आवृत्तीनें पुढील कित्येक पिढ्या घडविल्या. आधुनिक संशोधनावरून असें दिसून आलें आहे कीं, ह्या सुधारणेचें बरेंचसें काम केनेडीच्या मॅरियन व ज्यूलिया ह्या दोन कन्यांनीं केलें. मुखपृष्ठावर नांव पित्याचें. ज्या केंब्रिज विद्यापीठाच्या गांवीं त्या राहत होत्या, तेथें स्त्रियांस पूर्ण पदवी मिळूं लागली ती १९४८ सालीं.

केनेडीच्या पुस्तकानें एक बदल असा केला कीं, तो वाचून कोणताहि संस्कृतज्ञ क्षणभर थांबेल. विभक्तींचा क्रम त्यानें पालटला. डोनाटसापासून चालत आलेला क्रम प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, संबोधन व अपादानाची विभक्ति असा होता. त्यांतील पहिल्या पांच ग्रीकांकडून आलेल्या. सहावी ग्रीकांत नसल्यामुळें शेवटीं जोडलेली. रोमन पंडित व्हारो तिला नुसती 'सहावी' किंवा 'लॅटिनांची' विभक्ति म्हणे. केनेडीनें प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, अपादान असा क्रम रूढ केला. कारण सरळ आहे. नपुंसकलिंगी नामांत पहिलीं तिन्ही रूपें सारखीं. अनेकवचनांत शेवटलीं दोन्ही सारखीं. सारखीं रूपें शेजारीं आणिलीं कीं कोष्टक निम्मेंच पाठ करावें लागतें. पाणिनीय क्रमांत हीच सोय आहे. फलम्, फलम् ही प्रथमा-द्वितीयेची जोडी; द्विवचनांत तृतीया, चतुर्थी, पंचमी यांचें 'भ्याम्'; अनेकवचनांत चतुर्थी, पंचमी यांचें 'भ्यस्'; द्विवचनांत षष्ठी, सप्तमी यांचें 'ओस्'. ज्या सोयीचा लाभ आपला मुलगा रूपावलीच्या पहिल्या दिवसापासून घेत आला, ती इंग्रज मुलास मिळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

संग्राहकांच्या दृष्टीनें ह्यांत एक कामाची खूण आहे. अमेरिकेंतील पुस्तकांत जुना क्रमच पुढें चालला. इंग्लंडांत व त्याच्या वसाहतींत नवा. त्यामुळें एखाद्या वहींत लॅटिन रूपें लिहिलेलीं सांपडलीं आणि वहीवर ना नांव ना साल, तरी विभक्तींच्या क्रमावरून ती इंग्रजी शाळेंतली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची, कीं त्याआधींची अथवा अमेरिकन वळणाची, याचा अंदाज बांधतां येतो. पोथीचा काळ ठरवितांना आपण अक्षरवाटिका पाहतों, तशीच ही विभक्तिवाटिका.

मुलांनीं ह्या पुस्तकाचें काय केलें, याचीहि साक्ष जुन्या प्रती देतात. इंग्लंडांत जुन्या बाजारांत मिळणाऱ्या ह्या पुस्तकांच्या कित्येक प्रतींवर शाईनें अक्षरें फिरवून 'लॅटिन प्रायमर' चें 'ईटिंग प्रायमर', म्हणजे खाण्याचें बालबोध पुस्तक, असें केलेलें आढळतें. हा चावटपणा कोणा एका मुलाचा नव्हे, पिढ्यांचा आहे. विन्स्टन चर्चिल यांनीं १९३० सालच्या आपल्या आठवणींत लिहिलेला प्रसंग तर सर्वश्रुत आहे. पहिल्याच दिवशीं टेबल ह्या अर्थाच्या शब्दाचीं रूपें पाठ करावयास मिळालीं. संबोधनाचें रूप पाहून मुलानें विचारलें, ह्याचा उपयोग काय? टेबलाला हांक मारतांना, असें उत्तर आलें. आपण टेबलाला कधीं हांक मारीत नाहीं, असें मुलानें प्रामाणिकपणें सांगितलें, आणि उद्धटपणाबद्दल शिक्षेची तंबी मिळाली. यांत मास्तरांचा दोष थोडा, कोष्टकाचा अधिक. कोष्टकांत घर रिकामें ठेवतां येत नाहीं. मग त्या घरांतलें रूप जगांत कोणी वापरो वा न वापरो.

७

विसाव्या शतकांत दोन दिशांनीं प्रयत्न झाले. त्यांतील पहिल्याचा पुरस्कर्ता डब्ल्यू. एच. डी. राउझ हा आपल्या परिचयाचा असावयास पाहिजे. त्याचा जन्म १८६३ सालीं कलकत्त्यास झाला. तो संस्कृत व पाली यांचा जाणता होता, आणि केंब्रिजहून निघालेल्या जातककथांच्या इंग्रजी भाषांतरांतील कांहीं भाग त्याचे आहेत. १९०२ पासून १९२८ पर्यंत केंब्रिज येथील पर्स शाळेचा मुख्याध्यापक असतांना त्यानें लॅटिन हें पहिल्या दिवसापासून लॅटिनांतच बोलून शिकविलें. शाळा नांवाजली. परंतु ही रीत सारी गुरूच्या जिभेवर होती. ती पुस्तकांत उतरविणें कठिण. राउझ निवृत्त झाल्यावर तिचा प्रसार खुंटला. उलट डेन्मार्कमधील हान्स ओर्बेर्ग यानें १९५५ सालीं तीच कल्पना पुस्तकाच्या अंगीं आणिली. सगळें पुस्तक लॅटिनांत, एका रोमन कुटुंबाची कथा, नव्या शब्दाचा अर्थ समासांतील चित्रानें किंवा संदर्भानें उमगणारा. गुरु गेला तरी हें पुस्तक चाललें, आणि आजहि चालत आहे.

दुसरा प्रयत्न गरजेंतून झाला. १९६० सालीं ऑक्सफर्ड व केंब्रिज यांनीं प्रवेशासाठीं असलेली लॅटिनची अट काढून टाकली. तोंवर मुलगा लॅटिनकडे येई तो सक्तीनें. आतां त्याला बोलावून आणणें भाग पडलें. १९७० पासून निघूं लागलेला केंब्रिजचा लॅटिन पाठ्यक्रम कोष्टकानें सुरू न होतां पाँपेई नगरांतील सीसिलियस नांवाच्या सावकाराच्या घरापासून सुरू होतो. हा सीसिलियस कल्पित नाहीं. त्याच्या हिशेबाच्या दीडशेंहून अधिक मेणपाट्या १८७५ सालीं उत्खननांत निघाल्या. एका सावकाराचें दप्तर शंभर वर्षांनंतर शाळेच्या पुस्तकाचा पाया झालें, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष रुचावें. ह्या पद्धतीनें शिकलेलीं मुलें मजकूर झरझर वाचतात, पण रूपें विचारलीं तर चांचरतात, अशी तक्रार जुन्या वळणाचे शिक्षक करतात. आणि लिलीच्या मुलांविषयीं नेमकी याच्या उलट तक्रार होती. दोहोंत मुलें तींच. पुस्तक निराळें.

८

आतां आठाच्या आंकड्याकडे वळूं. आपल्या यास्काचार्यांनीं पदांच्या जाती चार सांगितल्या : नाम, आख्यात, उपसर्ग व निपात. असें असतां मराठी शाळेंतील मुलगा 'शब्दांच्या जाती आठ' असें म्हणतो तें कोठून? दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, तें इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर. इंग्रजी व्याकरणें रचिलीं गेलीं तीं लॅटिनच्या धर्तीवर. आणि लॅटिनचा आठाचा आंकडा डोनाटसाचा. मध्यंतरीं धातुसाधिताची जागा विशेषणानें घेतली, एवढाच फरक. परंतु विभक्तींच्या बाबतींत आपल्या व्याकरणकारांनीं प्रथमा, द्वितीया, तृतीया हा जुना क्रम सोडला नाहीं. मराठी व्याकरणाच्या एकाच पुस्तकांत जाती डोनाटसाच्या आणि विभक्ति पाणिनीच्या, असा हा संसार दीडशें वर्षांहून अधिक काळ सुखानें चालला आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत संस्कृताचीं जीं दोन इंग्रजी क्रमिक पुस्तकें लिहिलीं त्यांतहि नियम, शब्दसंग्रह व दुहेरी भाषांतराचीं वाक्यें हा घाट पाश्चात्त्य शाळेचा, आणि आंतील शास्त्र पाणिनीचें. ह्या मिश्रणाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचीं साधनें म्हणजे हींच पुस्तकें, आणि तीं सुद्धां वापरलेलीं.

'वापरलेलीं' ह्या शब्दावर भर देण्यास एक कारण आहे, आणि तें सांगतांना स्वतःचा एक अपराध कबूल करणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखक नोकरींत असतांना शाळेची अडगळीची खोली रिकामी करण्याचें काम त्याच्याकडे आलें. जुनीं क्रमिक पुस्तकें तीन पोतीं भरलीं. सगळीं एकाच नमुन्याचीं, फाटकीं, शाईचे डाग पडलेलीं. तीं त्यानें रद्दींत घातलीं, आणि ग्रंथालयांत कोरी प्रत आहे ना, असें मनाचें समाधान केलें. भांडारकरांच्या पहिल्या पुस्तकाची एक प्रत मात्र टांचणें लावावयास घरीं आणलेली होती ती वांचली. तिच्यांत समासांतून दोन निरनिराळ्या हातांनीं मराठी अर्थ लिहिले आहेत. पुस्तकाच्या निम्म्यापर्यंत पानें काळीं. पुढें एकदम स्वच्छ. वर्ग कोठवर पोंचला, कोठें अडला, कोणत्या शब्दाला मराठी प्रतिशब्द पुनः पुनः लिहावा लागला, हें सर्व त्या समासांत आहे. कोऱ्या प्रतींत ग्रंथकाराचा हेतु कळतो. मळक्या प्रतींत झालेली गोष्ट कळते. तीन पोत्यांतून किती वर्गांच्या गोष्टी गेल्या, याचा हिशेब आतां लागणें नाहीं.

म्हणून संग्राहक मंडळींस नम्र सूचना अशी कीं, रूपावली, समासचक्र, अमर, आणि छापील क्रमिक पुस्तकें 'किरकोळ' सदरांतून बाहेर काढून त्यांची स्वतंत्र यादी करावी. तींत चार गोष्टी अवश्य टिपाव्या : मालकाचें नांव व साल असल्यास तें, समासांतील लेखनाची भाषा व हात किती, पानें कोठपर्यंत झिजलीं आहेत, आणि बांधणींत दुसरे कोणते कागद सांपडतात. डोनाटसाचे तुकडे बांधणींतून निघाले, हें विसरूं नये. एकाच पुस्तकाच्या दहा मळक्या प्रती म्हणजे दहापट अडगळ नव्हे. त्या दहा वर्गांच्या दहा बखरी आहेत. राजांच्या बखरी आपण पुष्कळ जमविल्या. ज्या मुलांनीं पुढें त्या वाचल्या, त्यांच्या ह्या बखरीहि दप्तरांत जागा मिळण्यास पात्र आहेत.